इच्छाशक्तीचा लोप : आळस की आजार?

(वाचनभाग : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते १८. उपदेशकांनी हा भाग आधी वाचून मग पाठ हाती घ्यावा.)

हा पाठ शिकविण्यास मी बसलो आहे खरा. परंतु त्यातील पहिलाच धडा मी स्वतः चुकलो होतो, आणि माझ्या चुकीने एका मनुष्याच्या दुःखात भर पडली. म्हणून प्रथम तेच सांगतो. त्या कुटुंबाची ओळख पटू नये एवढ्यासाठी बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. मूळ गोष्ट जशी घडली तशीच आहे.

आमच्या मंडळीत एक शेतकरी गृहस्थ होते. अनेक वर्षे मंडळीचा हिशेब त्यांच्याकडे होता. बैलबाजारात जनावराच्या दातांवर एकदा नजर टाकून सौदा तोडणारा मनुष्य अशी त्यांची ख्याती होती, आणि कोणाच्या घरी सोयरीक ठरत असली तरी लोक त्यांचा सल्ला घेण्यास येत. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी कांदा काढून चाळीत भरला. व्यापारी आला, भाव बरा होता, ते म्हणाले, "उद्या बघू." दुसरा व्यापारी आला, त्यासही तेच उत्तर. पाऊस लागला, कांद्यास कोंब फुटू लागले, चाळीतून वास येऊ लागला, तरी त्यांचे "उद्या बघू" संपेना. शेवटी अर्ध्याहून अधिक माल उकिरड्यावर गेला. मुलीच्या शाळेचा एक अर्ज सहीवाचून तीन आठवडे फळीवर पडून राहिला. मंडळीची हिशेबवही त्यांनी उघडलीच नाही.

गावात ज्याला जे सुचले ते तो बोलला. कोणी म्हणाले, माणूस आळशी झाला. कोणी म्हणाले, चोरून पिऊ लागला. कोणी करणीचे नाव घेतले. आणि मी, ज्याने चार शब्द अधिक शिकलेले, मी काय केले? एका रविवारी बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेल्या मनुष्यावर उपदेश केला, आणि प्रभूने त्यास जो प्रश्न विचारला त्याचा असा अर्थ लावला की, बरे होण्याची इच्छाच ज्यास नाही त्यास कोण बरे करणार! नाव घेतले नाही. परंतु माना मागे वळल्या, त्या नेमक्या कोणत्या बाकाकडे वळल्या ते मी व्यासपीठावरून पाहिले. आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी मला वाईट वाटले नाही.

पुढच्या रविवारी ते उपासनेस आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाहीत. मग एके दिवशी त्यांची पत्नी माझ्या दारी आली. ती भांडावयास आली असेल असे मला वाटले. ती म्हणाली, "पाळकसाहेब, यांना सगळं कळतंय. कांदा सडतोय हे मला दिसायच्या आधी यांना दिसलं. पण हात उचलत न्हाई. सकाळी दोन सदरे हातात घेऊन बसतात, कोणता घालू म्हणून, आणि मग रडतात." दोन सदऱ्यांची ती गोष्ट मी आजतागायत विसरलेलो नाही. आळशी मनुष्य सदरा निवडताना रडत नसतो.

तेव्हा ह्या पाठाचा विषय हा आहे : मनुष्यास समजते, त्याला करावयाचेही असते, परंतु समजणे आणि करणे ह्यांच्यामधला जो सांधा तोच निखळतो. ह्या अवस्थेस आपण काय नाव द्यावे, आणि अशा मनुष्याशी मंडळीने कसे वागावे?

वैद्यांनी ह्या अवस्थेचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. तेओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच पंडिताने १८८३ साली इच्छाशक्तीच्या विकारांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. 'अबुलिया' हा ग्रीक मुळाचा शब्द, म्हणजे इच्छेचा अभाव, वैद्यकात तेव्हाही रूढ होता व आजही आहे. त्या ग्रंथात रिबोने एका जुन्या रोग्याची हकीकत दिली आहे. हा गृहस्थ व्यवसायाने नोटरी, म्हणजे ज्याचे सारे आयुष्य लोकांचे दस्तऐवज करण्यात गेले असा. घर विकण्याचा अधिकार पत्नीस देण्यासाठी त्याने स्वतःच मुखत्यारपत्राचा मजकूर तयार केला, मुद्रांकित कागदावर उतरविला, खाली नावही लिहिले. आता नावाखालची नेहमीची फरकाटी तेवढी ओढावयाची राहिली. हात कागदावर आणून त्याने ती हवेत पुन्हा पुन्हा ओढून पाहिली; हाताला काही झालेले नव्हते; परंतु लेखणी कागदास टेकेना. ही झुंज पाऊण तास चालली, आणि शेवटी जी सही उमटली ती वाकडीतिकडी होती. ज्याने हजारो सह्या केल्या व करविल्या त्याची ही दशा! त्यास आळशी म्हणावे काय? पाऊण तास घाम गाळणाऱ्या मनुष्यास आळशी म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, निर्णय करणे हे निव्वळ बुद्धीचे काम आहे. ज्यास अक्कल आहे त्याने दोन बाजू तोलाव्या आणि एक धरावी. अमेरिकेत काम केलेले मेंदूचे वैद्य आंतोनियो दामासिओ ह्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ह्या समजुतीस धक्का देणारी एक गोष्ट सांगितली आहे. त्यांच्या एका रोग्याच्या मेंदूच्या पुढच्या भागास इजा झालेली होती. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत. पुढच्या भेटीसाठी वैद्यांनी त्यास दोन तारखा सुचविल्या. त्याने टिपणवही काढली, आणि ह्या तारखेस हे काम, त्या तारखेस ते, त्या दिवशी हवा कशी असेल, असे करीत जवळजवळ अर्धा तास तो दोन्ही बाजूंची कारणे मोजीत बसला. कारणे सगळी बरोबर. परंतु शेवट नाही. अखेरीस वैद्यांनीच शांतपणे सांगितले की, दुसऱ्या तारखेस या. तो लगेच म्हणाला, ठीक आहे. आणि वही मिटून निघून गेला.

आपल्या दुकानातील तराजूचे उदाहरण घ्या. दोन्ही पारड्यांत माल आहे, वजने खरी आहेत, परंतु मधला काटाच गंजून अडकला आहे. मग पारड्यांत आणखी वजने टाकून काय होणार? आपण अशा मनुष्यास जे लांबलचक उपदेश करतो ती सारी ही वजनेच होत. काट्याचे काम भावना करते. ही गोष्ट मला रुचेल, तिची मला भीती वाटते, हिच्यात मला आनंद आहे, असे जे आतून उमटते ते एका पारड्यास खाली ओढते. जेव्हा आजाराने सारेच बेचव होते तेव्हा एकही पारडे झुकत नाही. दामासिओंच्या रोग्यास इजा झालेली होती. आपल्या खेड्यांतून जे लोक ह्या स्थितीत आढळतात त्यांच्या मेंदूस तशी इजा झालेली नसते. त्यांपैकी बहुतेकांस झालेला असतो तो नैराश्याचा आजार. निर्णय न होणे हे त्या आजाराच्या ठरलेल्या लक्षणांपैकी एक आहे, ही गोष्ट प्रत्येक उपदेशकाने लक्षात ठेवावी. झोप मोडणे, विशेषतः पहाटे फार लवकर जाग येऊन मग डोळा न लागणे. अन्नाची चव जाणे. पूर्वी ज्यात आनंद होता ते भजन, तो बाजार, ती नातवंडे नकोशी होणे. हालचाल व बोलणे मंद होणे. आपण कोणाच्याच कामाचे नाही असे वाटणे. आणि हे सर्व दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू राहणे. अशी लक्षणे जमली म्हणजे तेथे आजाराची शंका घ्यावी.

आळशी मनुष्य कसा ओळखावा, असे कोणी विचारील. कष्टाची वेळ आली म्हणजे त्याचे पाय जड होतात, पण लग्नाच्या पंगतीस तो सर्वांआधी पोहोचतो. जे त्यास आवडते त्याविषयी त्याचा निर्णय तत्काळ होतो. आजारी मनुष्यास मात्र आवडीचेही निवडता येत नाही, आणि आपल्यास निवडता येत नाही ह्याची त्यास लाज वाटते. ही कसोटी अगदी अचूक आहे असे नाही. एकाच मनुष्यात थोडा आळस व थोडा आजार असूही शकेल; आपल्यापैकी कोण तसा नाही?

नैराश्याखेरीज इतरही कारणे असतात, आणि त्यांचा निवाडा आपण करावयाचा नाही. थायरॉईड ग्रंथी मंदावली, रक्त फार कमी झाले, ब जीवनसत्त्वांपैकी बारावे कमी पडले, तरी मनुष्य असाच सुस्त व अनिश्चित होतो, आणि साध्या रक्ततपासणीने ते कळते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर, कंपवातात, दारूच्या व्यसनात, किंवा काही औषधांनीही तसे होते. म्हातारपणी हे नव्यानेच दिसू लागले तर विस्मरणाच्या आजाराचाही विचार करावा लागतो. म्हणून पहिली वाट वैद्याकडे. करणी, बाहेरची बाधा, लपविलेले पाप, ह्या गोष्टी काढून त्या वाटेस उशीर करू नये. मंडळीतील कोणी प्रार्थनेने बरे करण्याच्या नावाखाली औषध बंद करावयास सांगत असेल तर त्यास पाळकांनी व वडिलांनी स्पष्ट शब्दांत अडवावे.

आता एका अशा मनुष्याची गोष्ट सांगतो, ज्याची गीते जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या आजही गातात. इंग्लंडात १७३१ साली विल्यम कूपर ह्याचा जन्म झाला. बाप पाळक होता. आई तो सहा वर्षांचा असतानाच वारली. कायद्याचे शिक्षण झाले. १७६३ साली एका नातलगाच्या वशिल्याने लॉर्ड्स सभेच्या इतिवृत्ताच्या कचेरीत चांगल्या पगाराची जागा त्यास मिळण्याचा योग आला. परंतु त्या नेमणुकीविषयी वाद निघाल्यामुळे सभेसमोर उभे राहून परीक्षा द्यावी लागेल असे ठरले. कूपर कित्येक महिने रोज त्या कचेरीत जाई, जुनी इतिवृत्ते उघडी, आणि पुढ्यात पान असून डोक्यात एक अक्षर शिरत नसे. परीक्षा द्यावी, की जागा सोडावी? दोन्ही त्यास करवेना. दिवस जवळ आला तेव्हा त्याने आपल्या जिवाचे बरेवाईट करण्याचे प्रयत्न केले. देवाच्या दयेने ते फसले. मग त्यास सेंट ऑल्बन्स येथे नथॅनिएल कॉटन नावाच्या दयाळू वैद्याच्या घरी ठेविले, आणि तेथे सुमारे दीड वर्षात तो सावरला. कॉटन हा स्वतः भक्तिमान होता, पण वैद्यही होता. ह्या दोहोंत त्यास काही विरोध दिसला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१७६७ साली कूपर ऑल्नी गावी राहावयास गेला. तेथे पाळक जॉन न्यूटन होता. हाच तो, जो पूर्वी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. दोघांनी मिळून गीते रचली, आणि त्यांचा संग्रह १७७९ साली छापला गेला. परंतु त्याआधीच, १७७३ च्या आरंभी, कूपरवर तोच आजार पुन्हा कोसळला. देवाने आपल्यास कायमचे टाकले आहे अशी त्याची खात्री झाली, आणि त्यानंतर तो मरेपर्यंत मंदिरात उपासनेस गेला नाही. ज्याने लिहिलेली गीते मंडळी गात होती तोच मनुष्य मंडळीत नव्हता!

अशा वेळी न्यूटनने काय केले? त्या वर्षीच्या एप्रिलात कूपर त्याच्या घरी आला तो परत जाण्यास तयारच होईना. आपले स्वतःचे घर हाकेच्या अंतरावर असून तेथे जाण्याचा निश्चय त्याच्याने होईना. न्यूटनने व त्याच्या पत्नीने त्यास ठेवून घेतले, एक दोन आठवडे नव्हे, तर एक वर्षाहून अधिक. १७७४ च्या मेमध्ये तो आपल्या घरी गेला. मला न्यूटनच्या पत्नीविषयी फार विचार येतो. गीतांच्या पुस्तकावर तिचे नाव नाही. परंतु वर्षभर ताट कोणी वाढले असेल?

त्याच सुमारास एका शेजाऱ्याने कूपरला सशाचे एक पिल्लू दिले. पुढे तो तीन ससे पाळू लागला. त्यांच्यासाठी त्याने स्वतः लाकडी घरे बनविली. सुतारकाम केले, बाग केली, भाज्या लावल्या. मन गुंतेल पण शिणणार नाही असे काहीतरी त्यास हवे होते, आणि सशांस रोज दाणापाणी द्यावेच लागे. त्यात निवड करावयाचे काही नव्हते. पुढे काही वर्षांनी लेडी ऑस्टिन नावाच्या एका बाईने त्यास मोठे काव्य लिहिण्याचा आग्रह केला. त्याने विषय मागितला. ती थट्टेने म्हणाली, ह्या बैठकीवर, ह्या सोफ्यावरच लिही. विषय निवडण्याचा भार दुसऱ्याने उचलला मात्र, लेखणी चालू लागली, आणि १७८५ साली जो ग्रंथ निघाला त्याने त्यास इंग्लंडभर कीर्ती मिळवून दिली. तरीही मला खोटे सांगावयाचे नाही : कूपर पूर्ण बरा झाला नाही. त्याचे शेवटचे दिवस अंधारातच गेले, आणि १८०० साली तो वारला. त्या काळी औषधे नव्हती. जे होते ते मित्रांच्या हातांत होते, आणि ते त्यांनी दिले.

आता वाचनभाग पाहू. कर्मेल डोंगरावर एलीयाने जे केले ते आपण शाब्बाथशाळेत मुलांस शिकवितो. त्याच्या लगेच पुढचा हा अध्याय मात्र चटकन वाचून टाकतो. ईजबेलीचा निरोप येताच हा धीट मनुष्य पळाला. बैरशेबा येथे त्याने आपला चाकरही मागे ठेविला. मनाचा भार झालेला मनुष्य प्रथम सोबत टाकतो, हे आपण आपल्या गावांतही पाहतो. मग रानात एक दिवसाची मजल जाऊन एका झुडपाखाली तो बसला, मरण मागितले, आणि झोपी गेला.

आपल्यापैकी एखादा वडील तेथे असता तर त्याने काय म्हटले असते? कालच एवढा चमत्कार पाहिलास, आणि आज असा बसलास? दूताने हे म्हटले नाही. त्याने स्पर्श केला, आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे समोर ठेविले. एलीया जेवला, आणि पुन्हा निजला. येथे जरा थांबा. तो पुन्हा निजला, आणि दूताने त्यास निजू दिले! आपण एकदा भाकरी घेऊन जातो, मनुष्य उठत नाही असे पाहिले की म्हणतो, आम्ही आमचे कर्तव्य केले. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा भाकर दिली, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे हे स्वतःच कबूल केले. होरेबास पोहोचल्यावर प्रश्न आला तो झोप व अन्न झाल्यावर, आणि तोही दोषारोप नव्हे, तर येथे काय करतोस असा. एलीयाने आपले गाऱ्हाणे सांगितले. पुन्हा तोच प्रश्न आला आणि त्याने शब्दशः तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगितले. ज्याने अशा रोग्याची शुश्रूषा केली आहे त्यास ही पुनरुक्ती ओळखीची वाटेल. ऐकणाऱ्याने कंटाळा दाखविला नाही. मग त्यास तीन नेमकी कामे सांगितली, आणि तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत, हे कळविले. त्या तिहींपैकी एलीयाने स्वतः एकच काम केले : अलीशास आपल्याबरोबर घेतले. उरलेली दोन पुढे अलीशाच्या काळात झाली. म्हणजे त्यास पहिला लाभ झाला तो सोबत्याचा.

ह्या क्रमाचे मला नवल वाटते, कारण आजचे वैद्यकही बहुतांशी ह्याच वाटेने चालते. नैराश्यावरील एका उपचाराचे तत्त्व असे आहे की, उत्साह आल्यावर काम करू अशी वाट पाहू नये; आधी लहानसे काम ठरवून करावे, उत्साह मागाहून येतो. गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिले. तीव्र नैराश्याचे ४९५ रोगी घेतले. त्यांपैकी निम्म्यांस नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटी दिल्या. भेटी देणारे डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. वैद्यकाचे शिक्षण नसलेली, स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसे तयार केलेली होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांस ह्या भेटी मिळाल्या त्यांच्यात शंभरास ६४ जण आजारातून बाहेर आले होते, इतरांत ३९. हा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. उपदेशक बंधूंनो, घरोघर जाणे हे तर आपले रोजचेच काम आहे! त्या माणसांनी शिक्षण घेतले होते व त्यांच्यावर देखरेख होती, हे मात्र विसरू नका. आपण औषधोपचाराची जागा घ्यावयाची नसून त्याच्या शेजारी उभे राहावयाचे आहे.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. अशा मनुष्यास "काय करायचे ते तुम्हीच ठरवा" असे म्हणू नये, आणि त्याच्या हातून सर्व काही काढूनही घेऊ नये. "काय जेवणार?" ह्यापेक्षा "भाकरी वाढली आहे, या" हे बरे. "फिरायला जावेसे वाटते का?" ह्यापेक्षा "शेळ्यांना पाणी दाखवायला मी निघालो आहे, चला" हे बरे. जमीन विकणे, खाते फोडणे, मुलीचे लग्न मोडणे किंवा जोडणे, नोकरी सोडणे, असे मोठे निर्णय तो बरा होईपर्यंत शक्य तर पुढे ढकलावे. आणि ज्यास मुदत आहे, जसे पीकविमा किंवा सोसायटीचे कर्ज, तेथे घरातील विश्वासू मनुष्याने बरोबर बसून कागद पुरे करावे. अशा दुर्बळ क्षणी अंगठा घेऊन जाण्यास टपलेले लोक प्रत्येक गावात असतात, आणि ते कधीकधी नात्यातलेच असतात. डॉक्टरांनी औषध दिले तर दोन ते सहा आठवडे धीर धरावा. आठ दिवसांत गुण नाही म्हणून बंद करू नये, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने तर मुळीच सोडू नये.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलीच पाहिजे. मरणाचे विचार येतात काय, हे त्यास एकांतात, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो अशी भीती आपल्याकडे आहे. ती खरी नाही. उलट पुष्कळांस कोणी विचारले ह्यानेच हायसे वाटते. होकार आला तर त्यास एकटे सोडू नका, आणि शेतातील कीटकनाशकाच्या बाटल्या त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' सेवेचा दूरध्वनी क्रमांक. ही सेवा २०२२ साली सुरू झाली, रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. पोलिसांच्या भीतीने गोष्ट लपवू नका : ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असेच धरावे व त्यास शिक्षा करू नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे.

मदत असूनही लोक तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हेच मोठे दुःख. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत काही वर्षांपूर्वी ह्या आजाराविषयी गावपातळीवर काम झाले. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी फक्त सुमारे ४ जणांनी कोणाकडे उपचार मागितला होता. दीड वर्षाच्या कामानंतर ती संख्या २७ झाली. पूर्वी जे ९६ गप्प बसले होते त्यांत ख्रिस्ती घरेही असतील. त्यांच्या पाळकांनी त्यांस काय सांगितले असेल, हा विचार मला सोडत नाही, कारण मी काय सांगितले होते ते मला ठाऊक आहे.

त्या गृहस्थांकडे मी गेलो तो त्यांच्या पत्नीच्या येण्यानंतर दुसऱ्या दिवशी. क्षमा मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी म्हणालो की, येत्या रविवारी व्यासपीठावरून मी माझी चूक कबूल करीन. त्यावर त्यांनी प्रथमच वर पाहिले व म्हणाले, "नको, पाळकसाहेब. लोक परत मागं वळून बघतील." त्यांचा तो त्या दिवसातला एकमेव ठाम निर्णय होता, आणि मी तो पाळला.

उपजिल्हा रुग्णालयात तपासणी झाली, औषध सुरू झाले. आमचे उपदेशक रोज सकाळी दूध घालावयाच्या वेळी त्यांच्या घरी जात, आणि दोघे डेअरीपर्यंत चालत जात. पहिले तीन आठवडे ते वाटेत एक शब्द बोलत नसत. उपदेशकांनी मला विचारले की, हे किती दिवस करावयाचे? मी त्यांस न्यूटनची गोष्ट सांगितली, ते म्हणाले, "वर्षभर? बरं." आणि त्यांनी खरोखरच ते केले. मंडळीचा हिशेब त्यांनी पुन्हा घेतला नाही. कोणी आग्रहही केला नाही. मध्ये एकदा आजार उलटला होता, औषध वाढवावे लागले. आता ते उपासनेस येतात, मागच्या बाकावर बसतात.

ह्या वर्षी त्यांनी पुन्हा चाळीत कांदा भरला होता. व्यापारी आला तेव्हा त्यांनी त्याच दिवशी निम्मा माल देऊन टाकला, कोणास न विचारता. त्यानंतर चारच दिवसांनी क्विंटलमागे दीडशे रुपयांनी भाव चढला. "चुकलंच की ओ माझं," असे ते मला भर रस्त्यात सांगत होते, आणि हसत होते.